ब्रेकवर मी, पान्यावर तुम्ही

रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. मागच्या चाकाचा मधला नट हलत नाही.

नाना, तुम्ही गेल्यानंतर तुमच्या या मुलीने केलेली ही पहिली नोंद. शुक्रवारी तुमचे तेरावे झाले. शनिवारी मांडववाले बांबू सोडून घेऊन गेले आणि धुळ्यातल्या देवपूरच्या आपल्या घरासमोरचे अंगण एकाएकी फार मोठे दिसू लागले. त्या रिकाम्या जागेच्या मधोमध तुमची पांढरी, गिअरची स्कूटर उभी होती. इतके दिवस पाहुण्यांनी तिच्या सीटवर पिशव्या ठेवल्या, हँडलवर पंचे वाळत घातले. एकदा कुणाचा तरी कोपर हॉर्नवर पडला आणि आत रडणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. तो आवाज आला की तुम्ही आलात, असे समजायची आम्हा सगळ्यांना सवय होती.

तुमच्याविषयी रीतीप्रमाणे जे लिहायचे ते दादाने लिहून वर्तमानपत्रात दिले आहे. त्यात जन्मगाव आहे, नोकरी आहे, 'मनमिळाऊ' असा एक शब्द आहे. तो वाचून मला हसू आले. तुम्ही नटाबोल्टांशीसुद्धा भांडत होता. त्या मजकुरात मला भर घालायची नाही. मला आपला अर्धवट राहिलेला वाद पुढे न्यायचा आहे आणि एक मत्सर तुमच्यासमोर ठेवायचा आहे. शब्द मी तपासून घेतला आहे. हेवा वाटतो तो दुसऱ्याकडे असलेल्या वस्तूचा. मत्सर वाटतो तो आपली जागा दुसऱ्याला दिली गेली म्हणून. ज्याने ती दिली तो आता उत्तर देऊ शकत नाही, हे मला मान्य आहे. तरीही विचारते.

माझी जागा सीटवर होती. मागच्या ब्रेकचे लायनर बदलायचे तर चाकाच्या मधला मोठा नट सोडावा लागतो, आणि पाना लावून जोर दिला की नटाबरोबर अख्खे चाकच फिरू लागते. म्हणून एकाने सीटवर बसून आपले वजन मागच्या चाकावर टाकायचे, उजव्या पायाने ब्रेक दाबून धरायचा, आणि दुसऱ्याने खाली बसून पाना ओढायचा. माझा पाय पेडलपर्यंत पुरत नव्हता तेव्हापासून ब्रेकवर मी होते. सीटच्या कडेला सरकून, दोन्ही पाय एकावर एक ठेवून मी दाबत असे. "दाब, मॅडम, दाब," असे तुम्ही खालून म्हणायचात. मला फक्त तुमच्या मानेमागचा घाम आणि सदऱ्याची कॉलर दिसायची. नट सुटल्याचा 'टक्' असा आवाज मला कानांच्या आधी तळपायात कळत असे. मी कितीतरी वेळा म्हणाले, "एकदा पाना मला द्या ना." तुमचे उत्तर ठरलेले होते: "ब्रेक धरणारा चुकला तर पान्यावरच्या माणसाची बोटे फुटतात. मी ब्रेक कुणालाही देत नाही." त्या उत्तरावर मी वर्षानुवर्षे खूश राहिले. तुम्ही पाना मात्र कधीच दिला नाहीत.

मग मी शिकायला पुण्याला गेले, त्याच वर्षी दादाचे लग्न झाले, आणि भडगावची वहिनी घरात आली. पहिल्याच दिवाळीत मी फोनवर विचारले, "लायनर बदलले? ब्रेकवर कोण होते?" तुम्ही सहज म्हणालात, "वहिनी होती ना." एवढेच. भाजीत मीठ आहे का, असे विचारल्यावर माणूस जसे 'आहे' म्हणतो, तसे.

आणखी एक तक्रार याच जागेवर नोंदवते. माझ्याशी तुम्ही आयुष्यभर पुस्तकातले मराठी बोललात. हिला बाहेर जायचे आहे, हिच्या तोंडी शुद्ध भाषा बसू द्या, असे तुम्ही आईला बजावले होते. वहिनी आल्यावर तुमच्या तोंडून जी अहिराणी वाहू लागली, ती मी तोवर फक्त शिंदखेड्याच्या काकांच्या ओट्यावर ऐकली होती. सुट्टीत घरी आले की स्वयंपाकघरातून तुमचे आणि तिचे हसणे ऐकू यायचे. मी आत गेले की तुम्ही दोघेही माझ्यासाठी वाक्य बदलत होता. तिला तुम्ही 'पोरी' म्हणायचात. मला 'मॅडम'. मॅडम या शब्दात अभिमान होता, हे मला समजते. पण अभिमान हा दारात उभा राहून स्वागत करतो. जवळ बसत नाही.

तर स्कूटर कुणाची, हा प्रश्न होता. तुम्ही काहीच सांगून गेला नाहीत. मला ती पुण्याला न्यायची होती; सोमवारी दुपारी ट्रान्सपोर्टचा टेम्पो सांगून ठेवला होता. वहिनी तिच्यावरून रोज शाळेत शिकवायला जातात. गिअर टाकायलाही तुम्हीच शिकवलेत, हे मला दादाकडून कळले. दादा म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवा. मला मध्ये ओढू नका." मग आम्ही दोघींनी काहीच ठरवले नाही. ती पुण्याला जावो की शाळेत, ब्रेक नीट लागत नव्हता. तेवढे काम आधी करायला हवे होते. मी सकाळी लवकर उठले ते हे काम एकटीने करण्यासाठी. डावा पाय लांब करून पेडलवर, दोन्ही हात पान्यावर. पाना ओढला की पाय निसटायचा, पाय दाबला की हातातला जोर जायचा. चाक गरगर फिरले, स्कूटर माझ्या अंगावर कलली. एकटीने ब्रेक आणि पाना दोन्ही धरता येत नाहीत, हे मला कागदावर आकृती काढून आधीच सांगता आले असते. तरी मी करून पाहत होते, कारण ब्रेक धरता येणारे दुसरे माणूस म्हणून घरात वहिनीच होत्या.

त्या चहा घेऊन आल्या. कप पायरीवर ठेवला आणि काही न विचारता सीटवर जाऊन बसल्या. पदर कमरेला खोचला, उजवा पाय पेडलवर ठेवला, थोड्या मागे सरकल्या. मागे सरकले की चाकावर वजन जास्त येते. हे मी शोधून काढले होते, माझ्या लहानपणी, माझ्या पायांनी. ते त्यांना कुणी शिकवले असेल, याचा विचार करताना माझा चहा गार झाला.

"ओढा, ताई," त्या म्हणाल्या.

मी ओढले. पान्याला पाइप घालून दांडा लांब केला आणि पुन्हा ओढले. नट जागचा हलला नाही. दादा बनियनवरच बाहेर आला, गंज सोडवणाऱ्या स्प्रेचा डबा झटकत. "हा मारा, पाच मिनिटांत सुटेल," म्हणाला. मारला. थांबलो. पुन्हा ओढले. स्प्रे ओघळून अंगणात डाग पडला, एवढाच परिणाम.

"दोन बाया मिळून गाडी मोडता का काय?" आई आतून ओरडली. तेराव्यानंतरचा तिचा पहिला मोठा आवाज. मला फार बरे वाटले.

मग मी पाना खाली ठेवला आणि नटाकडे नीट पाहिले. मला हे आधीच करायला हवे होते. प्रयोगशाळेत मी असेच करते. त्याच्यावर गंज नव्हता. तांबूस-तपकिरी, चकचकीत, नखाने न निघणारा एक लेप होता. रंग आणि वार्निश यांचे थर कसे वाळतात, यावरच माझे संशोधन चालते, त्यामुळे मी तो ओळखला. हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आले, कारण हा आपलाच वाद होता. तुम्ही नसताना तो मी जिंकला होता.

खंडेनवमीला लोक गाडीच्या हँडलला हार घालतात, दिव्यावर कुंकू लावतात. तुम्ही मात्र खाली बसून या नटाची पूजा करायचात. आधी निरांजनातले करडईचे तेल बोटाने चोपडायचे, मग हळद, मग कुंकू. लायनर बदलून नट परत बसवतानाही आट्यांना तेच तेल. किती वर्षे मी सांगत राहिले.

"नाना, करडईचे तेल हवेत वाळते. चित्रकार ते रंगात मिसळतात ते याचसाठी. ब्रेकच्या ड्रमच्या उष्णतेने त्याचे वार्निश होईल, नट चिकटेल. ग्रीस लावा."

"देवाला ग्रीस लावतात का, मॅडम?"

"नट देव नाही."

"हा सुटला तर चाक सुटेल. चाक सुटले तर मी सुटेन. मग देव कोण, ते तूच सांग."

पण नट चिकटला आहे, नाना. हे तुम्ही पाहायला हवे होते. तुम्ही म्हणाला असतात, "देव आहे, भक्ताला सोडत नाही." आणि मी चिडले असते.

"हे गंजाचे काम नाही," मी वहिनींना म्हणाले. "तेल वाळून घट्ट झाले आहे. याला क्षार लागेल. खाण्याचा सोडा चालणार नाही, त्याहून तीव्र काहीतरी."

त्यांनी विचारले, "पापडखार चालेल? उन्हाळ्याचा उरलेला शे."

ड्रम बिडाचा आहे. ॲल्युमिनियमचा असता तर क्षाराने तो खाल्ला असता, मी परवानगी दिली नसती. वहिनींनी पापडखार उकळत्या पाण्यात कालवला, मी जुन्या पंच्याच्या चिंध्या त्यात भिजवून नटाभोवती गुंडाळल्या, आणि त्या गार होतील तशा आम्ही बदलत राहिलो. त्या आतून पातेले आणत होत्या, मी चिमट्याने चिंधी उचलत होते. आई मध्येच येऊन म्हणाली, "गाडीले शेक देतस का वं?" आणि आम्ही दोघी एकाच वेळी "हो" म्हणालो.

लेप मऊ झाला तसा मी तो पत्तीने खरवडायला घेतला. हे मी दोन कारणांसाठी केले. एक, मला त्यातले थर पाहायचे होते. खंडेनवमीची हळद-कुंकवाची बोटे माझ्या लहानपणी तुम्ही माझ्याकडून लावून घेत होता. नंतर ती वहिनींनी लावली. वरचे थर त्यांचे असणार आणि खालचे माझे, असा माझा अंदाज होता, आणि खालचे जास्त जाड निघावेत अशी माझी इच्छा होती. शास्त्रज्ञाने इच्छा ठेवून मोजू नये. थर फक्त तीन निघाले. त्याखाली उघडे लोखंड. जुने थर गळून पडले असतील, असे मी स्वतःला सांगितले आणि पुढे गेले.

दुसरे कारण तुमच्या हाताचे. पहिल्या विद्यावेतनातून मी तुमच्यासाठी टॉर्क पाना आणला होता. आवळताना किती जोर लागला ते त्याचा काटा दाखवतो. तुम्ही तो भिंतीवरच्या खिळ्याला टांगलात आणि दर खंडेनवमीला त्यालाही कुंकू लावलेत. "वापरणार कधी?" असे मी विचारले, तर म्हणालात, "पुजला ना?" आपला दुसरा वाद इथून सुरू झाला.

"नट पुरेसा आवळला की 'बस' हे हाताला कळते," तुम्ही म्हणायचात.

"किती कळते ते मोजू या."

"मोजून काय मिळेल?"

"आकडा."

"आणि त्या आकड्याला कळते का, बस कधी म्हणायचे ते?"

तुमचा हात मला कधी मोजता आला नाही. पण आवळून ठेवलेल्या नटावरून आवळणाऱ्याचा जोर काढण्याची एक पद्धत आहे. नटावरून ड्रमवर एक सरळ रेघ ओढायची, नट थोडा सैल करायचा, आणि टॉर्क पान्याने पुन्हा त्याच रेघेपर्यंत आणायचा. रेघ जुळते त्या क्षणी काटा जिथे असेल, तो साधारणपणे त्या हाताचा आकडा. तुमचा हात आता फक्त त्या नटात शिल्लक होता. नट आपोआप फिरू नये म्हणून त्यात अडकवलेली पिन मी सकाळीच काढली होती; आता पत्तीच्या टोकाने रेघ ओढली, आणि माझे हात घाण झाले आहेत असे सांगून थोडा वेळ नळाखाली धरून उभी राहिले.

मग पाइप घातलेला पाना. वहिनी सीटवर मागे सरकल्या. "दाबला," म्हणाल्या. मी दोन्ही पाय जमिनीत रोवले, श्वास सोडत ओढले. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा 'टक्' झाले.

आवाज तोच होता. पण तो या वेळी मला तळहातातून आला, तळपायातून नाही. आणि वर, सीटवर बसलेल्या वहिनींच्या तोंडून "सुटला!" निघाले ते अगदी माझ्या जुन्या आवाजात. मी वर पाहिले. त्यांना माझी मान आणि कॉलर दिसत असणार.

आटे पुसले, खिळ्यावरचा टॉर्क पाना काढला, दांड्यावरचे कुंकू तसेच ठेवले. रेघेपर्यंत हळूहळू आवळत नेले. रेघ जुळली. मी काटा वाचला आणि हातावर पेनाने लिहिला: चौऱ्याहत्तर. पुस्तिकेत नव्वद ते एकशेदहा दिले आहे. म्हणजे तुमचा हात कमी आवळत होता, आणि मी याही वादात बरोबर होते. मला जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. मी म्हणाले, "हे नाना. चौऱ्याहत्तर न्यूटन-मीटर."

वहिनी सीटवरून उतरल्या नाहीत. पायही पेडलवरून काढला नाही.

"ताई," त्या म्हणाल्या, "हाऊ आकडा नानास्ना नही शे."

मी पुन्हा काटा पाहिला. त्यांनीच वाक्य बदलले, माझ्यासाठी. "तो माझा आहे. तीन वर्षांमागे लायनर बदलले, तेव्हा पाना माझ्या हातात होता. ब्रेकवर नाना बसले होते."

तीन वर्षे, तीन खंडेनवम्या, तीन थर. मी ते पाहिले होते आणि बाजूला सारले होते.

"पाना तुम्हाला दिला?"

"हात थरथर कापायला लागला होता त्यांचा. पाना नटावरून घसरायचा. दोनदा बोटं फुटली. मग म्हणाले, 'पोरी, तू धर. मी बठस ब्रेकवर.' मी आवळत होते, आणि पिनेचं भोक समोर आलं तसं वरून म्हणाले, 'बस.'"

"मला कुणी सांगितले नाही."

"त्यांनीच नको सांगितलं." त्या तुमचाच सूर काढून म्हणाल्या, "'तिले नको सांगजो. मोजाले लागी ती.'"

नाना, तुम्ही मला बरोबर ओळखले होते. मी मोजले असते. हात दर सेकंदाला किती वेळा कापतो, चहाच्या कपाने वाढतो की कमी होतो, सकाळी किती, संध्याकाळी किती. पुण्यातल्या डॉक्टरांच्या वेळा घेतल्या असत्या, तुम्हाला गाडीत घालून नेले असते, आणि एकदाही तुमच्या हातावर हात ठेवून नुसती बसले नसते. हे सगळे खरे आहे. पण तुम्ही मला ते चुकीचे करायची संधी द्यायला हवी होती. इतकी वर्षे मला वाटत होते, मला पाना हवा आहे. आज अंगणात मला कळले की मला तुमचा कापणारा हात पाहायचा होता, आणि तो तुम्ही तिला दाखवलात. माझ्यासमोर तुम्ही हात खिशात घालून उभे राहायला लागला होता. मला वाटले, निवृत्तीनंतरची ऐट.

मी वहिनींना म्हणाले, "तुम्हाला सगळे मिळाले." हे मोठ्याने म्हणायचे नव्हते.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपे गेले असते. "तुमचा फोन आला की नाना उभं राहून बोलायचे, ताई," त्या म्हणाल्या. "पलंगावर पडलेले असले तरी उठायचे, चष्मा लावायचे. फोनवर कशाला चष्मा लागतो? माझ्याशी बोलताना कुणी चष्मा नाही लावला कधी. आणि फोन ठेवला की दोन दिवस मला तेच. 'मॅडम म्हने, करडईनं तेल वाळस.'"

"तरी लावायचे तेलच?"

"तरी तेलच."

आम्ही दोघी हसलो. त्या सीटवर, मी जमिनीवर. मला तेव्हाही त्यांचा मत्सर वाटत होता. तो कमी झाला असे मी लिहिणार नाही. फक्त समोरच्या माणसालाही तोच आजार आहे हे कळल्यावर रुग्णालयात जसे थोडे हलके वाटते, तसे वाटले. तो चष्मा आता मला मिळाला आहे. तो मी कुणालाही देणार नाही.

जुने लायनर काढले, नवे बसवले. काम करताना मी टेम्पोवाल्याला फोन लावून सोमवारची फेरी रद्द केली. वहिनी ऐकत होत्या.

"का हो, ताई?"

"पुण्यात माझ्याकडे सीटवर बसायला कुणी नाही," मी म्हणाले.

यात औदार्य नाही, नाना. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारू नका. हे सरळ गणित आहे. हा नट दोघांशिवाय सुटत नाही. मी स्कूटर नेली असती तर पुढचे लायनर मला गॅरेजमध्ये बदलून घ्यावे लागले असते, कुणा परक्या माणसाने यंत्राच्या बंदुकीने तो नट घर्रकन उडवला असता, आणि मी बाजूला बाकावर बसून फोन पाहत राहिले असते. म्हणून ती धुळ्यातच राहील. मात्र मी अट घातली.

"पुढच्या वेळी मला बोलवायचे. मी आल्याशिवाय हात लावायचा नाही. पाना माझा."

"आणि मी?"

"ब्रेक."

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "खंडेनवमीले काय लावू? ते सांगून ठेवा."

"ग्रीस."

"नुसतं ग्रीस? नानास्ले चाली का ते?" त्यांनी नट हातात घेऊन फिरवून पाहिला. "आतमध्ये ग्रीस लावू, ताई. वरून तेल, हळद, कुंकू. आतलं देव पाहत नाही."

तुम्ही आणि मी एवढी वर्षे भांडलो आणि आपल्यापैकी एकालाही हे सुचले नाही. हा तोडगा मला का सुचला नाही, याचा मला राग आहे, आणि तो तुम्हाला सांगायला नको इतका तुम्ही ओळखता.

आट्यांना ग्रीस लावले. ड्रम बसवला, नट हाताने फिरवत नेला, मग टॉर्क पाना घेतला. वहिनी चढून बसल्या, मागे सरकल्या, पाय पेडलवर. मी ओढू लागले. काटा त्यांच्या आकड्याच्या पुढे गेला. नव्वदच्या पुढे गेला. माझे कान वरच्या बाजूला होते; तुम्ही आवळताना स्वतःशी पुटपुटायचात तो शब्द कुणीतरी म्हणेल म्हणून मी थांबले होते. शेवटी वहिनींनी विचारले, "बस?"

विचारले, सांगितले नाही. सांगायचे मला होते. नटाची खाच आणि पिनेचे भोक एका रेषेत येत होते. मी आणखी किंचित ओढले, ते समोरासमोर आले, आणि हाताला कळले. किती कळले ते मी नंतर वाचले. आधी मी म्हणाले, "बस."

पिन घातली, तिची टोके वाकवली. वहिनींनी अंगणात एक फेरी मारली आणि आईच्या तुळशीसमोर चाक करकचून थांबवले. आई काहीतरी बोलली, ते मला ऐकू आले नाही.

वहिनींपेक्षा तेवीसने जास्त, नाना. ही वजाबाकी मी त्यांना सांगितलेली नाही. तुम्हाला सांगते आहे. हातावर जुन्या आकड्याखाली मी नवी ओळ लिहिली.

ब्रेकवर वहिनी, पान्यावर मी: सत्त्याण्णव न्यूटन-मीटर.